अकरा उपग्रह

(फोनवर. बाबा गावाबाहेरच्या टेकडीवर, मुलगी दूरच्या शहरात, ऑफिसात.)

बाबा: ...दाबलं गं, दाबलं. ‘उपग्रह शोधत आहे’ म्हणतंय तू पाठवलेलं हे जीपीएस यंत्र.

मुलगी: लागतात दोन मिनिटं. झाडाखाली नाही ना उभे?

बाबा: पाण्याच्या टाकीपाशी आहे. वर नुसतं आभाळ. जन्मभर साखळ्या ओढून लोकांच्या जमिनी मोजल्या, आता हे वरून मला मोजतायत.

मुलगी: आलं का?

बाबा: आलं. अकरा सापडले. बाप रे, एका म्हाताऱ्यामागे अकरा जण!

मुलगी: आता ‘खुणा’ उघडा. एक मी भरूनच पाठवलीय. घर.

बाबा: आठशे साठ मीटर. बाणही बरोबर. काटेकोर आहे हं यंत्र.

मुलगी: आणि बाजूला लाल बटण आहे, झाकणाखाली. ते दाबलं की तुम्ही कुठे आहात ते मला कळतं.

बाबा: ते कशाला?

मुलगी: कशाला काय, बाबा! मागच्या महिन्यात तीन तास हरवला होतात. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा कळलं मला. आणि... रागावू नका, डॉक्टरांची वेळ घेतलीय. विसरण्याची साधी तपासणी असते.

बाबा: अगं, या टेकडीची मोजणी मी स्वतः दोनदा केलीय. इथे हरवेन मी?

मुलगी: तुम्हीच म्हणालात, वाट चुकलो.

बाबा: म्हणालो खरा. इथेच बसलो होतो, टाकीच्या कठड्यावर. घर समोर दिसत होतं. तुझी आई होती तेव्हा दिवेलागणीला इथून खिडकी ओळखू यायची. त्या दिवशी सगळ्यांच्या खिडक्या उजळल्या, आपली तेवढी काळी. पाय निघेनात.

मुलगी: तीन तास?

बाबा: मला वाटलं, अर्धा झाला असेल.

मुलगी: मला का नाही सांगितलंत?

बाबा: काय सांगू? घरी जाववत नाही म्हणून? त्यापेक्षा हरवलो म्हणणं सोपं. हरवलेल्याला निदान कोणी शोधतं तरी.

मुलगी: बाबा, अहो...

बाबा: रडतेस की काय? वेडी. चल, ठेव आता, तुझी मीटिंग असेल.

मुलगी: नाही जात मी. फोन चालूच ठेवा आणि निघा. खिशात नको, कानाला लावा.

बाबा: अगं, पण—

मुलगी: निघालात? किती राहिलं?

बाबा: सातशे वीस. उतार आहे, हळू चालतोय.

मुलगी: चाला हळू. मला घाई नाही.

बाबा: पाचशे... थांब, गल्लीतलं कुत्रं आडवं आलंय. हं. झालं.

मुलगी: आता?

बाबा: दारात उभा आहे. पण हे तीन मीटर म्हणतंय अजून.

मुलगी: तेवढं चुकतं ते. कुलूप काढा.

बाबा: काढलं.

मुलगी: या बाबा, आत या.