टाकीतला तिळगूळ

मासे पाळायचं म्हणताय ना, मग आधी आमच्या आईची पद्धत ऐका. साठच्या दशकात आम्ही जयपूरला होतो, बाबा तिथे डॉक्टर. त्यांनी काचेच्या टाकीत दोन निळे गुरामी मासे आणून सोडले. "एकाच जातीचे आहेत, पटेल त्यांचं," म्हणाले. पण दोघेही नर निघाले आणि दिवसभर एकमेकांच्या शेपट्या कुरतडत राहिले.

"संक्रांत झाली की एकाला दुकानात परत देतो," बाबा वैतागून म्हणाले.

संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर होतं. पतंगांच्या सावल्या खिडकीतून येऊन टाकीवरून सरकत होत्या. आईने हळूच तिळगुळाचा लाडू पाण्यात सोडला. "आता तरी गोड बोला रे." दुपारभर तो विरघळत राहिला. पाणी सोनेरी, गढूळ झालं आणि त्या धुक्यात दोघे शांत तरंगू लागले.

बाबांनी घरी येताच त्यांना वेगवेगळ्या बरण्यांत हलवलं. "अगं, एकमेकांना दिसत नव्हते म्हणून गप्प होते ते."

"पण भांडण मिटलं ना?" आई म्हणाली.

तेव्हापासून आईचा आवाज चढला की बाबा चष्मा काढून ठेवायचे.