बाईंची पुण्यतिथी

नाही, पण मी म्हणतो, एकाच तारखेला इतक्या जणांनी जन्माला यायचं कशाला? वर्षातले बाकीचे दिवस काय ओस पडलेत? आणि बरं, जन्माला आलात ते आलात, पण नेमक्या त्याच तारखेला दुसऱ्या कोणी मरायचं कशाला? विचारा आमच्या भावजींना! भावजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान, रेडिओवर निवेदक. रोज सकाळी सुरांचा दिनविशेष सांगतात... आज अमक्या बासरीवाल्याचा वाढदिवस, आज तमक्या संगीतकाराची पुण्यतिथी, की लगेच त्याचं एखादं गाणं. आवाज असा की ऐकत राहावं. पण माणूस मुळातच भित्रा. तुम्हाला सांगतो, दारावरची बेल जरा जोरात वाजली तरी चेहरा पांढराफटक! आणि अशा माणसाला सगळं जग उठून काय सांगतं? ‘घाबरू नका.’ अहो, घाबरू नका म्हणणाऱ्याचं काय जातं?

तर त्या दिवशी त्या एका तारखेवर नुसती झुंबड. एका व्हायोलिनवाल्याची जन्मशताब्दी, एका वाद्यवृंदाचा स्थापना दिन, एका थोर संगीतकाराची पुण्यतिथी, आणि सगळ्यात शेवटी बाईंचा वाढदिवस. बाई म्हणजे गाणाऱ्या बाई, नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. ऐंशी कधीच ओलांडलेली, छातीचं दुखणं, डॉक्टरांची सक्त ताकीद की कसलाही धक्का बसता कामा नये. सुनेनं आदल्या दिवशी मुद्दाम फोन केलेला, ‘आई रेडिओला कान लावून बसणार आहेत हं, चार शब्द चांगले बोला.’

बोलले की! संगीतकाराच्या पुण्यतिथीनं गळा दाटून आला होता, त्याच दाटल्या गळ्यानं भावजी पुढे सरकले आणि म्हणाले, ‘आज बाईंचीही पुण्यतिथी.’

काचेपलीकडे तंत्रज्ञ दोन्ही हात हलवायला लागला. भावजींना वाटलं, आवाज वाढवा म्हणतोय. वाढवला! ‘बाई आज आपल्यात नाहीत...’ त्यानं काचेवर कपाळ टेकलं. भावजींना वाटलं, रडतोय बिचारा. म्हणून आणखी दोन वाक्यं! ‘पण त्यांचे सूर आपल्या मनात अमर आहेत...’ मग गाणं लागलं, माईकवरचा लाल दिवा विझला, आणि तंत्रज्ञ दार ढकलून आत आला.

‘अहो, बाई जिवंत आहेत!’

तुम्हाला सांगतो, भावजींना खुर्चीवरून उठताच येईना. तंत्रज्ञ दंडाला धरून त्यांना तसाच स्टेशनच्या साहेबांपुढे घेऊन गेला. साहेबांनी आधी पोटभर झापलं, त्यात बराच वेळ गेला, मग म्हणाले, ‘त्यांच्या घरी फोन करून बघा, काही झालं नाही ना. झालं नसेल तर उद्या दुरुस्ती देऊ.’

‘आणि झालं असेल तर?’

साहेब म्हणाले, ‘तर मग दुरुस्तीची गरज नाही. घाबरू नका.’

आता बोला! घाबरू नका म्हणणाऱ्याचं काय जातं?

बाईंच्या घरी फोन लावला तर लागेना. कोणीतरी बोलतंय. पुन्हा लावला, तरी बोलतंयच. तिसऱ्यांदा घंटा वाजायला लागली, वाजतेय, वाजतेय... आणि उचलत कोणीच नाही. भावजी रिसीव्हर ठेवतात न ठेवतात तोच तो खणाणला. ताई!

‘अहो, बाई कधी हो गेल्या?’

‘अगं, नाही गेल्या...’

‘मग परवा बाजारात मी ज्यांच्याशी इतका वेळ बोलले त्या कोण? माझा हात धरला होता त्यांनी. गार होता हो हात! मी दारंखिडक्या लावून बसलेय.’

‘अगं, त्या जिवंत आहेत. माझी चूक झाली.’

‘उगाच माझं समाधान करू नका. रेडिओवर सांगितलं ना!’

‘रेडिओवर मीच सांगितलं!’

‘मग?’

फोन ठेवला आणि भावजी निघाले बाईंच्या घरी. घर दोन गल्ल्यांवर, पण त्या दोन गल्ल्या... सारखं तेच चित्र डोळ्यांपुढे. खुर्चीत बाई, मान एका बाजूला कललेली, शेजारी रेडिओ चालू, आणि त्यातून आपलाच आवाज, ‘बाई आज आपल्यात नाहीत.’ आणि त्याहून भयंकर विचार सांगू? खरंच गेल्या असतील, तर आपण सांगितलेली तारीख बरोबर! दर वर्षी ह्याच तारखेला, ह्याच तोंडानं, आपल्यालाच सांगावं लागणार!

वळले, तर फाटकाशी डॉक्टरांची गाडी. संपलं सगळं. दारात फुलं घेतलेली माणसं उभी, सगळी पांढरी फुलं. शेजारीण पदर डोळ्यांना लावून सांगतेय, ‘भिंतीला भिंत लागून घर, आणि कळलंसुद्धा नाही हो! काल तर मला हाक मारली त्यांनी... म्हणजे मला आपलं तसं वाटलं.’ बघा! डोळ्यांवर विश्वास नाही, कानांवर नाही, रेडिओवर आहे! भावजींचा चेहरा पाहून एकानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ‘घाबरू नका. वय झालंच होतं.’

आतून डॉक्टरांचा आवाज आला, ‘बाजूला व्हा, हवा येऊ द्या!’

तेवढ्यात सून बाहेर आली. डोळे लाल. ‘आलात? या. या, बघा काय करून ठेवलंत.’

भावजी आत गेले. सोफ्यावर कोणीतरी आडवं, गळ्यापर्यंत पांघरूण, पांढरे केस, डॉक्टर वाकलेले. भावजींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मटकन खाली बसले, सोफ्याशी दिसले ते पाय धरले, ते नेमके डॉक्टरांचे निघाले. ‘बाई, मला माफ करा हो!’

‘अहो,’ मागून आवाज आला, ‘मी इकडे आहे.’

बाई! हातात पाण्याचा पेला!

आणि सोफ्यावर? सोफ्यावर त्यांचे पेटीवाले. आयुष्यभर बाईंच्या साथीला बसलेला माणूस. एका मैफलीत लय सुटली, कोणाची सुटली ह्यावरून वाजलं, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. सकाळी रेडिओवर पुण्यतिथी ऐकली. आपल्याला बाई गेल्याचं कोणी कळवलंसुद्धा नाही, म्हणून रडत रडत फुलं घेऊन आले. बेल वाजवायचा धीर होईना. बंद दारालाच म्हणाले, ‘बाई, लय माझीच सुटली होती. तुमची नव्हे.’ तोच दार उघडलं, आणि समोर बाई! ‘हे मी जिवंत असताना सांगायला काय झालं होतं?’ झालं! पेटीवाले जे कोसळले, ते सुनेला डॉक्टरांना फोनवर फोन करावे लागले.

डॉक्टर म्हणाले, काही नाही, शुद्धीवर येताहेत. मग बाई भावजींजवळ बसल्या. भावजींनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, आता बसणार तोंडात. पण बाई हळूच म्हणाल्या, ‘आधी हसले हो मी. म्हटलं, आता लोक घरी फोन करून करून भंडावून सोडतील, बाई तर धडधाकट होत्या ना म्हणून. वाट बघत बसले. फोन एकही नाही, आले ते थेट फुलं घेऊन. पुण्यतिथी म्हणालात ना तुम्ही? म्हणजे जाऊन वर्षं झाली. लोकांना वाटलं असेल, हो का, गेल्या असतील. नवल कोणालाच वाटलं नाही. मरायला नाही भीत मी. पण तेव्हा मात्र घाबरले.’

भावजींच्या तोंडातून आपसूक निघालं, ‘घाबरू नका, बाई.’

‘घाबरू नका म्हणणाऱ्याचं,’ बाई म्हणाल्या, ‘काय जातं हो?’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः रेडिओवर आल्या, बरोबर पेटीवाले. माईकपुढे बसून ठणकावून म्हणाल्या, ‘मी बाई बोलतेय. मी जिवंत आहे. गातेसुद्धा.’ आणि गायल्या! पेटीवाल्यांनी साथ केली, लय कुठे तसूभर हलली नाही. काचेपलीकडे तंत्रज्ञ डोळे पुसत होता, ह्या वेळी खरोखरच. भावजींनी कितीतरी तासांनी मोकळा श्वास घेतला. लाल दिवा विझला, आणि फोन वाजला.

कोणी श्रोते होते. ‘अहो, काय सुंदर जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलंत! म्हणजे तेव्हासुद्धा कोणीतरी त्यांच्या मरणाची अफवा उठवली होती वाटतं? पण काय खणखणीत बोलायच्या हो बाई!’

भावजींनी मान वळवून पाहिलं. बाई बशीत चहा ओतून पेटीवाल्यांशी भांडत होत्या.

‘हो,’ भावजी म्हणाले, ‘बोलायच्या खऱ्या.’ आणि फोन ठेवून दिला.