बोलणारा जीपीएस

संगमेश्वरला जायला दर्शनाने भाड्याची गाडी ठरवली होती. वाटेत ड्रायव्हर आप्पांनी ती आमीरच्या मोबाईलच्या दुकानापाशी थांबवली. झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन दर्शनाही सावलीला आत आली.

"आमीर, रस्ता सांगणारा जीपीएस दाखव रे. स्वस्तातला, वापरायला सोपा."

"फोनवर फुकट मिळतं की, आप्पा!"

"फोनवरचं बारीक असतं रे."

"मग हा घ्या, मोठ्या स्क्रीनचा. बघा तरी."

"बघायचं काय त्यात? बोलतो ना मोठ्यानं?"

"मराठीत बोलतो. पण तुमचा जन्म गेला ह्या रस्त्यांवर. तुम्हाला कशाला हवा?"

"वळण यायच्या आधी सांगतो?"

"सांगतो की."

"आणि माणूस आडवा आला तर?"

"ते कसं सांगणार तो? ते आपणच बघायचं."

"हां. ते आपणच बघायचं."

"बांधून देऊ?"

"दे. आणि घरून फोन आला तर मी हे घेतलं म्हणून सांगू नकोस."

खोकं काखेत मारून आप्पा वळले.

"चला बाई, उशीर होतोय. पोर उठायच्या आत पोचवतो तुम्हाला," ते दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच बाईला म्हणाले.

दर्शना अजून काउंटरपाशीच होती.