स्टेशनच्या घड्याळाची काच

नाव : थॉमसिन लस्कम, विधवा. वय : ६१. धंदा : चर्चच्या मनोऱ्यावरील घड्याळाला चावी देणे. राहणार : हॅथरकोम, परगणा डेव्हन. दिनांक ४ मे १८५८.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. आज सकाळपर्यंत मुलगा एमॉस सोबत होता. नवरा वारल्यापासून मनोऱ्याचे घड्याळ मीच बघते. रोज दुपारी चर्चच्या आवारातल्या सूर्यघड्याळाशी ते जुळवते. सगळे गाव त्यावर जेवते आणि झोपते. ते चुकल्याचे आजवर कोणी म्हणाले नाही.

गेल्या वर्षी गावात रेल्वे आली. ती लंडनच्या वेळेवर चालते. आमच्याकडे सूर्य लंडनपेक्षा उशिरा माथ्यावर येतो, त्यामुळे स्टेशनचे घड्याळ आमच्या पुढे पळते.

एमॉस आज अमेरिकेला जायला निघाला. पेटी घेऊन तो पुढे गेला. जाताना म्हणाला, "आई, स्टेशनच्या वेळेनं ये हं. तुझ्या त्या मनोऱ्यावर विसंबू नकोस."

मी म्हटले, "जा रे, मोठा आलास शहाणा! सूर्य काय लंडनला विचारून उगवतो?"

तो हसला. त्याच्यासाठी भट्टीत मटणाच्या करंज्या होत्या, त्या भाजून होईपर्यंत मी थांबले.

मनोऱ्याकडे बघून मी चांगली वेळेआधी निघाले. परतताना मनोऱ्यात चावी द्यायची म्हणून चावीचा लोखंडी दांडा बरोबर घेतला होता. स्टेशनात शिरले तेव्हा शेवटचा डबा पुलावर होता. खिडकीतून एमॉस टोपी हलवत होता. मी त्याला दिसले की नाही, सांगता येत नाही. करंज्या गरम होत्या.

स्टेशनमास्तर टॅपर म्हणाले, "मावशी, गाडी अगदी वेळेवर सुटली."

मी विचारले, "कोणाच्या?"

त्यांनी वर घड्याळाकडे बोट दाखवले. मी हातातला दांडा त्यावर फेकला. काच फुटली. घड्याळ चालूच राहिले, त्याचे मला फार वाईट वाटले.

मला कोणी चिथावले नव्हते. मी प्यालेली नव्हते.

पुन्हा असे करणार काय, या प्रश्नावर सांगते की, नाही. गाडीवर पोचवायला जावे असे माझे आता कोणी उरलेले नाही. जप्त केलेला दांडा मला परत नको.

सार्जंट एंडकॉट यांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच लिहिले आहे. जबाबाची वेळ त्यांनी स्टेशनच्या घड्याळाप्रमाणे घातली आहे. माझी हरकत नाही.