कोंबडीखालचं थर्मामीटर

तुमाले खोटं वाटन, पण आमच्या कुरखेड्याकडं हवामान बदल मीच आणला. नातीच्या कॉलेजच्या सरानं पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यायले शिकवाले आमच्या छपरीत थर्मामीटर टांगलं. म्या ते अंड्यावर बसलेल्या कोंबडीखाली सरकवलं, अन् सर दिसताच परत टांगलं.

सारे थंडीनं कुडकुडून राह्यले, अन् नात वाचते, "सर, चाळीस!"

सरानं थर्मामीटरले चिकटलेलं पीस काढलं. "आजी, हे काय?"

"हवामान बदल, सर."

नात रडकुंडीले आली. "आजी, माह्ये मार्क गेले न!"

सर हासले. "मार्क देतो. पण एका दिवसाच्या आकड्यानं हवामान नाई समजत. आता वर्षभर सारे इथीच मोजाले या. चहा आजी पाजन."

कोंबडी कवाचीच अंड्यावरून उठली, पोट्टे काई छपरीतून उठून नाई राह्यले.