आता वरण वाढा

हॅलो?… हो, रतन साळवेच बोलतो आहे, आपण कोण?… मैत्री! अगं, आवाज असा का? सर्दी आहे की पुन्हा रडते आहेस?… सर्दी. शपथ?… बरं, राहू दे, शपथ आपल्यात चालत नाही.

जया, गॅस बारीक कर, मैत्रीचा फोन आहे!

हं, बोल. नाही, आधी माझे ऐक. परवा तू रडत फोन केलास, ‘बाबा, मला होस्टेलवरून घरी न्या’ म्हणालीस. त्यावर मी सर्व बाजूंनी साधकबाधक विचार केला. दुपारच्या गाडीचे तिकीट काढले आहे. पिशवी भरली आहे. वाघोलीच्या कॉलेजात प्राचार्यांशी बोललो, कॉम्प्युटरला एक जागा… काय?… येऊ नका म्हणजे?… अगं ऐक ना… बरं, तूच ऐकव.

काल रात्री? तुमच्या तुकडीचाही परिचय झाला?… मेसच्या टेबलावर चढवले, सगळ्यांसमोर. परंपरा म्हणे! चार वर्षे सलग केले की या मुलांना कशाचीही परंपरा करता येते… हो, हो, तुझ्याशी नाही भांडत. पुढे?… नाव. गाव. आणि मग प्रवेश परीक्षेतली रँक. आकडा वरचा असेल तर थाळ्या वाजवतात, आणि नसेल तर… चमचे खाली ठेवून नुसते बघतात. ठाऊक आहे गं. परवा ते पाहूनच तर रडलीस. आकड्यावरून राखीव जागा ओळखायची, आणि मग चार वर्षे त्याच नजरेने…

थांब, आई विचारते आहे… अगं, चढवले तिला टेबलावर. नाही, पडली नाही!

मग? मी पाठ करून घेतलेले उत्तर दिलेस ना?… विसरलीस? संपूर्ण?… ‘ज्या समाजाला शतकानुशतके’, इथपर्यंत आठवले आणि पुढचे… अगं, मुख्य मुद्दा त्यापुढेच होता! किती विचारपूर्वक रचले होते मी ते वाक्य!… लांब? लांब नव्हते, सघन होते… श्वास पुरत नाही. बरं. तो दोष मान्य. मग बोललीस काय?… पुन्हा सांग. हिंदीतच सांग, जसे बोललीस तसे…

‘रँक ॲडमिशन के लिए थी। ॲडमिशन हो गया। अब दाल दीजिए।’

जया! अगं, म्हणाली, रँक प्रवेशापुरती होती, प्रवेश झाला, आता वरण वाढा!… सीनियर पोरांना म्हणाली!… हसतेस काय? मला इथे घाम फुटला आहे.

हं, मग? थाळ्या वाजल्या?… कोणीच नाही?… आणि?… वाढप्याने? खरेच पळीभर आणून वाढले? टेबलावर उभी असताना?… आणि मग हसले सगळे. कोणाला हसले? तुला की… त्या विचारणाऱ्याला. नक्की ना?… आणि पुढची मुलगी?… तिनेही आकडा नाही सांगितला?… ‘मुझे भी दाल’! वा! आणि नंतरचे सगळेच?… सगळे नाहीत, दोघांनी सांगितला. असतातच असे दोघे.

…नाही, ऐकतो आहे. चष्मा पुसत होतो… धूळ गं. आपल्या हडपसरला आता उसाची रानं मोडून कंपन्यांचे पाये खणताहेत.

एक विचारू? आकडा लपवला, याची मनात कुठे बोच तर… काय? खोलीतल्या मुलीला तूच सांगितलेस? आपण होऊन?… ‘माझी जागा राखीव आहे’, असे स्वच्छ?… अगं, एवढ्यात कशाला… बरं. आणि ती काय म्हणाली?…

‘खिडकीकडची कॉट मला हवी.’ एवढेच?… दिलीस?… दिली नाहीस! मग?… भांडलात. कडाडून?… आणि त्या भांडणात तुझ्या जागेचा, जातीचा विषय… एकदाही नाही? नीट आठवून सांग… एकदाही नाही. नुसते कॉटवरून भांडण.

बरे वाटले, मैत्री. फार बरे वाटले.

तिकीट रद्द करतो… करतो म्हटले ना! प्राचार्यांना तेवढे काय सांगायचे ते… ‘मुलीला वरण मिळाले, जागा नको’? असे नाही चालत, कारण द्यावे लागते नीट. रचतो मी काहीतरी… नाही, लांब नाही रचत!

हे बघ, आई आली, हात पुसते आहे, तिच्याशी बोल… मीटर? बूथवाल्याला म्हणावे, अर्धा मिनिट… हॅलो? मैत्री?… हॅलो?…

तुटला गं. नाही, तिने ठेवला नाही. करेल पुन्हा संध्याकाळी… ठीक आहे ती, जया. खरंच ठीक आहे. भांडते आहे म्हणजे ठीकच… पिशवी राहू दे, ती मी रिकामी करतो. तू माझे पान घे आधी. परवापासून घास उतरला नाही घशाखाली… भाजी नसू दे गं.

वरण वाढ.