छिन्नीनं कोरलेलं फूल

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"साखळीच्या ट्रॅक्टरचा डिझेलपंप मिळेल?"

"दादा, ते मॉडेल कधीच बंद झालं."

"आमचंही बंदच आहे. उघड्या इंजिनात कोंबडी अंडी घालते, आणि मामंजी अंथरुणावरून विचारतात, आवाज का येत नाही."

"तू जरा गप्प बस."

"भंगारातून आलेला एक आहे. बघा."

"झकास आहे की. कुठल्या मूर्खानं भंगारात घातला?"

"उलटा करून बघा. मामंजी आपल्या प्रत्येक यंत्रावर छिन्नीनं कोरायचे, तेच फूल आहे. आपला दुसरा ट्रॅक्टर अडगळ म्हणून कोणी विकला होता?"

"शेठ, बांधून द्या."

"मूर्ख सापडला, असं सांगू मामंजींना?"

"इंजिन सुरू झाल्यावर सांग. त्या धडधडीत काही ऐकू येत नाही."

"त्यांना त्या धडधडीतच सगळं ऐकू येतं."